पालकाचा अंगठा

२१ ऑगस्ट १९४२, शुक्रवार

तर लिही. आज कॉलेजात मष्णूला मारलं.

वसू म्हणते, असं एकदम नको आजी, आधी मष्णू कोण ते सांग. कुणाला सांगू? ही वही तुझ्यामाझ्याशिवाय बघणार कोण — आणि मला तर वाचता येत नाही! बरं. मष्णू बेळगावशेजारच्या येळ्ळूरचा. कॉलेजचा शिपाई, घंटा देणारा. आज पोलीस मुलांना धरायला आवारात शिरले, तशी यानं भलत्या वेळी घंटा बडवली. मुलं मागच्या कुंपणावरून पसार. मग मार यालाच. तोही प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खिडकीखाली. साहेबांनी काय केलं? खिडकी लावून घेतली!

भेकड! भेकड मेला! हे असंच लिही. वसू हसते आणि म्हणते, "तू बोलतेस तसंच लिहीन, काना-मात्रा बदलणार नाही." शपथ घे म्हटलं. घेतली, माझ्या गळ्याची.

२३ ऑगस्ट, रविवार

टांगा करून दोघी येळ्ळूरला गेलो. मष्णू पालथा पडलेला. "लई न्हाय लागलं, आक्का." पाठ बघून मी हळद उगाळायला बसले. "घंटा काढून घेतली माझी. दुसरा मानूस ठेवलाय," हे मात्र त्यानं तीनदा सांगितलं.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

कॉलेजात दर शुक्रवारी वादसभा असते. नाव वादसभा, रीत अशी — भाषण आधी लिहून दाखवायचं, मास्तर तांबड्या शाईनं खोडणार, उरेल तेवढं बोलायचं. वसूनं मष्णूवर लिहिलं होतं. उरलं काय? "सन्माननीय अध्यक्ष" आणि "आभारी आहे"! मधला मष्णू सगळा तांबडा.

हिनं मधलंच बोलून टाकलं. आणि शेवटी म्हणाली, अशा वेळी खिडकी लावून घेणाऱ्याला माझी आजी भेकड म्हणते.

अगं, सभेत म्हातारीला कशाला नेलीस? पोरं हसली असतील. "कुणी हसलं नाही, आजी." खरं सांगू? बरं वाटलं. चौसष्ट वर्षांत माझा शब्द पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर गेला.

२९ ऑगस्ट, शनिवार

कागद आला. वसूला कॉलेजात यायला बंदी. आठ दिवसांत माफी लिहून द्यायची, नाहीतर पटावरून नाव कायमचं काढणार. मत मांडायला मोकळीक आहेच म्हणे, फक्त शब्द सभ्य हवेत. मष्णूच्या पाठीवरची काठी सभ्य होती का, ते विचार म्हणावं.

वसू म्हणाली, "मी देणार नाही." झाकण घालावं तसं म्हणाली.

२ सप्टेंबर, बुधवार

चिंतामणी आला होता. माझा धाकटा, कोर्टात कारकून. इतकी वर्षं साहेबापुढं हळू बोलून आता आईपुढंही हळूच बोलतो.

"आई, एका शब्दाचा तर प्रश्न. भेकडच्या जागी सावध म्हटलं तर काय बिघडतं? साहेब सावध आहेत, एवढंच. वसूला जमत नसेल तर पालकाची माफी चालते. मी विचारून आलोय."

पालक मीच. वसूचा बाप रघुवीर, माझा थोरला, गेला. हिला कॉलेजात घालायची वेळ आली तेव्हा चिंतामणीनं सही दिली नाही — पोरीला इतकं कशाला? त्या फॉर्मवर अंगठा मी उठवला होता. दिवसभर सगळ्यांना दाखवत फिरले, मेंदी काढल्यासारखा!

"काका, आजीचा अंगठा मागू नका."

"मग घरी बसून काय करशील?"

"बोलेन."

"कुणाशी?"

वसू उठून आत गेली.

५ सप्टेंबर, शनिवार

अंगठा दिला. वसू मैत्रिणीकडे गेलेली. चिंतामणीनं शाईची गादी बरोबरच आणली होती. कागद वाचून दाखवला, नीट, दोनदा. फसवलं म्हणायला जागा ठेवली नाही मेल्यानं. "माझ्या अडाणीपणामुळे असभ्य शब्द नातीच्या कानी पडले, याबद्दल मी दिलगीर आहे." अडाणी तर अडाणी! ते खोटं नव्हतं.

मला एवढंच दिसत होतं — पोर घरी. चूल, दळण, आणि भिंतीशी बोलणं. ते मी करून झालंय. तिनं कशाला?

शाई चिंचेनंही निघत नाही. वसूनं आल्या आल्या अंगठा बघितला. भांडली असती तर बरं झालं असतं. पाय धुतले, वही घेतली, म्हणाली, "सांग."

तर लिही. साहेबांना नावं ठेवणारी मी कोण? त्यांनी खिडकी लावली, मी अंगठा लावला. माझ्यासारखी सावध बाई अख्ख्या बेळगावात नसेल.

लिहिता लिहिता हिचा हात थांबला. काय झालं गं? "काही नाही. टाक बुडवते."

८ सप्टेंबर, मंगळवार

वसू कॉलेजात जाते. येते. आता घंटा कोण देतं, विचारलं. "लक्ष नाही दिलं," म्हणाली.

१२ सप्टेंबर, शनिवार

आज टाक सरोजिनीच्या हातात, चिंतामणीच्या बायकोच्या. वसूला वेळ नसतो. आधी मागचं वाच म्हटलं. वाचलं तिनं. अंगठ्याच्या पानावर मी थांबवलं. पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं — सावध.

मी भेकड सांगितलं होतं.

"चुकून झालं असेल, सासूबाई. खोडून नीट करू?"

नको. शिकली पोर.