प्रशिक्षकाचेच प्रशिक्षण झालेले नसल्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाणीपुरवठा विभाग.

विषय : शिकणाऱ्याला नेमणूक व शिकवणाऱ्याला नारळ मिळाल्याबाबत.

संदर्भ : आपले दि. १२ चे पत्र : "ऑनलाइन शिकलेले ग्राह्य नाही. सेवा समाप्त."

महोदय,

विद्येचे धन चोर नेत नाही की भाऊ वाटून घेत नाही, यावर अर्जदाराची अढळ श्रद्धा आहे. कार्यालय ते काढून घेऊ शकते, एवढेच त्याला बारा तारखेपर्यंत ठाऊक नव्हते.

१. अर्जदार अकरा वर्षे पंपघरात कंत्राटी पंपचालक होता. नवे स्वयंचलित पॅनल आले तेव्हा कंपनीचा माणूस तासभर बोलला, चहा प्यायला आणि गेला. माहितीपुस्तक आपण कपाटात सुरक्षित ठेवले. ते अद्याप सुरक्षित आहे, कोणी उघडलेले नाही. अर्जदाराने दोन पाळ्यांमधल्या वेळात, बाकावर बसून, मोबाइलवर सात अभ्यासक्रम पुरे केले आणि पॅनल चालवले.

२. पुढे आपल्याच तोंडी आदेशावरून अर्जदाराने इतर पंपघरांसाठी चौदा धड्यांचे ऑनलाइन प्रशिक्षण तयार केले. प्रमाणपत्रावर 'प्रशिक्षक' म्हणून सही अर्जदाराची, शिक्का आपला.

३. मग कायम पदाची जाहिरात निघाली. पदवीधरास प्राधान्य, सदर प्रशिक्षण घेतल्यास दहा गुण जादा. निवड झालेल्या पदवीधर साहेबांनी हेच चौदा धडे पाहून दहा गुण मिळवले. त्यांचे ऑनलाइन ग्राह्य धरले गेले. अर्जदार चार गुणांनी मागे पडला. त्याने तेच दहा गुण मागितले, तेव्हा आस्थापनेचे बडे बाबू म्हणाले, "अहो, तुम्ही ते प्रशिक्षण घेतलंय कुठे? तुम्ही नुसतं दिलंय!" इतक्या उंचीवरच्या विचाराला उत्तर देण्याएवढे अर्जदाराचे शिक्षण नाही.

४. साहेबांनी रुजू होताच पदवीची फ्रेम पंपघरात लावली. भिंतीत खिळा एकच होता, पॅनलची किल्ली टांगायचा. फ्रेम उत्तम दिसते. किल्ली सापडत नाही.

५. अर्जदाराची पत्नी विचारते, "तुमच्या सहीनं दुसऱ्याला नोकरी लागते ना? मग स्वतःसाठी करा की एक सही!" पदवी तिलाही नाही, म्हणून तिला हे लगेच सुचले.

सबब विनंती, की अर्जदारास सदर पदावर घ्यावे. ते जमत नसल्यास, अशिक्षिताने सही केलेले साहेबांचे प्रमाणपत्र रद्द करून त्यांचे दहा गुण परत घ्यावेत. तेही जमत नसल्यास, अर्जदारास स्वतःच्याच चौदा धड्यांना विद्यार्थी म्हणून बसू द्यावे. प्रशिक्षक ओळखीचा आहे, सही मिळेल.

आपला, पदवीअभावी नम्र,
(सही)
माजी पंपचालक
दि. १९

सोबत :
१) ऑनलाइन अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे, सात.
२) साहेबांचे प्रमाणपत्र, अर्जदाराच्या सहीचे.
३) आज सकाळी ६.४० वाजता धडा नऊखाली साहेबांनी विचारलेला प्रश्न : "सर, लाल दिवा लागलाय, आता काय करू?" अर्जदाराने ६.४२ ला उत्तर दिले. त्याच्याही घरी पाणी आले नव्हते.