हिला जरा वळण लावा

प्रिय भिंगरी,

या नावानं तुला हाक मारून वीस-बावीस वर्षं झाली असतील. रागावू नकोस. पाकिटावर तुझं पूर्ण नाव नीट सरळ रेषेत लिहिलंय, आत मात्र मला हवं ते लिहू दे.

तुझी लेक खुशाल आहे. वेळेवर जेवते, वेळेवर झोपते, आणि मधल्या वेळात तोंडाला विश्रांती म्हणून नाही. तिला इथे सोडून निघताना तू दारात थांबून म्हणालीस की, बाबा, हिला जरा वळण लावा, मला लावलंत तसं. एक धरते नि दुसरं सोडते, शाळेतून तक्रारी येतात. मी मान डोलावली. त्याला आज अकरा दिवस झाले. त्या कामाचं काय झालं ते कळवायला बसलोय. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, चार शब्दांच्या वर लिहायची हाताला सवय नाही, तेव्हा सांभाळून घे.

पहिल्याच दिवशी मी तिला वही आणि रंग दिले आणि बजावलं, एक चित्र पुरतं कर, मगच दुसरं. संध्याकाळी पाहतो तर सात चित्रं, सातही अर्धवट. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, काही बोलायचं नाही, नुसतं बघायचं. गुडघ्यांमुळे आता तेवढंच जमतं म्हणा. तिनं घर काढायला घेतलं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या बाई खोकल्या, म्हणून घराला आणखी दोन खिडक्या आल्या, हवा खेळायला. खिडक्यांवरून तिला आठवलं की समोरच्या शिंप्याच्या दुकानाला खिडकीच नाही. झालं, घर राहिलं बाजूला. नव्या पानावर शिंप्यासाठी एक खिडकी आणि खिडकीबाहेर समुद्र. समुद्राला रंग द्यायच्या आधीच पान फाडून ही खाली पळाली. शिंप्यानं ते मशीनसमोर भिंतीला टाचलं आणि बराच वेळ हसत होता. ती वर आली ती चित्र विसरूनच. आळस नाही, चंचलपणा नाही, तिच्या लेखी ते काम संपलं होतं. माझं काम रंग वाळला की संपतं, तिचं माणूस हसला की. इतकी साधी गोष्ट कळायला मला एकाहत्तर वर्षं लागली, आणि तीही तुझ्या वेळी कळली नाही.

तो छत्रीवाला आठवतो तुला? तू नऊ वर्षांची होतीस. त्याच्या दुकानाची पाटी रंगवायला मी शिडीवर, आणि तू खाली त्याच्या शेजारी बसून त्याचं डोकं खात होतीस. त्याची बायको जाऊन तेव्हा दोन-तीन महिने झाले होते, माणूस कुणाशी धड बोलत नव्हता. मी खडूनं रेषा आखून होईपर्यंत तो शिडीखाली येऊन उभा, डोळे पुसत हसतोय, आणि म्हणतोय की ‘छत्री दुरुस्ती’ नको, ‘छत्र्यांचा दवाखाना’ लिहा. तुझी सगळी तयारी झाली होती, कुठल्या छत्रीचं हाड मोडलंय, कुणाला सर्दी झालीय, कुणाला आज घरी सोडायचं. मी काय केलं? ठरलं होतं तेच लिहिलं, आणि तू मध्ये लुडबुड केलीस म्हणून त्याच्यादेखत तुला झापलं. तुझं तोंड एवढंसं झालं. तो बिचारा पाटीकडे बघून बरी आहे म्हणाला.

दुसरा एखादा बाप ओरडला असता आणि विसरला असता. मी पडलो पेंटर. त्याच आठवड्यात मी तुझ्यासाठी पाटी केली, निळ्यावर पिवळी अक्षरं, दोन हात रंग, वर वॉर्निश: ‘आधी हातातलं पुरं कर’. तुझ्या टेबलाच्या वर ठोकली. इतकी सुबक अक्षरं मी कुठल्या दुकानाला दिली नसतील. तुझी आई म्हणाली, अहो, ती मुलगी आहे, दुकान नाही. मी हसण्यावारी नेलं. त्या पाटीखाली बसून तू हळूहळू शहाणी झालीस. आधी गोष्टी सांगायचं थांबलं, मग रस्त्यात कुणाशीही बोलायचं थांबलं, मग याद्या सुरू झाल्या. लोक म्हणायचे, पोरीला काय वळण लावलंय. मी ते कौतुक घरी आणून तुझ्या आईला ऐकवायचो.

आता तू रविवारी अकराला फोन करतेस. तब्येत, औषधं, काही हवंय का, ठेवते. त्यात बोट ठेवायला जागा नाही. आई गेली तेव्हाही तू सगळं यादी करून पार पाडलंस, कुठे काही राहिलं नाही. मला तेव्हा वाटत होतं की तू माझ्याजवळ बसावंस आणि काहीतरी वेड्यासारखं बोलत राहावंस, आई आता कुठे पोचली असेल, तिथे कुणाशी भांडत असेल, काहीही. पण ते तुझ्याकडे कुठल्या तोंडानं मागणार होतो? मीच ते बंद केलं होतं. माझं चुकलं, पोरी. फार चुकलं.

हिला मी वळणबिळण लावणार नाही. पण हे पत्र तेवढ्यासाठी नाही. काल तिनं विचारलं, आई लहानपणी कशी होती? मी सगळं सांगितलं. तू पोस्टमनला घरात बोलावून पत्रं वाचायच्या आधीच त्यांत काय असेल ते सांगायचीस, बसमध्ये अनोळखी बायकांच्या मांडीवर जाऊन बसायचीस, रात्रीचे आवाज कुणाकुणाचे आहेत ते ठरवायचीस. तिनं तोंड उघडं टाकून ऐकलं. मग माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, आजोबा, तुम्हीपण माझ्यासारख्या गोष्टी रचता, आई अशी नव्हतीच कधी. मी शपथा घेतल्या, तर आणखीच हसली. तुझी आई असती तर तिनं खरं-खोटं केलं असतं. आता ते ठाऊक असलेली तू एकटीच उरलीस. तेव्हा ये, आणि तिला सांग की म्हातारा खोटं बोलत नाही.

तुझाच,
बाबा