छापण्याआधीच फुटलेल्या लग्नपत्रिका

निपाणी,
रविवार

ती. आक्कास,
भीमरत्नाचा सप्रेम जयभीम.

तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला थांबला का? आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे शरीरानं. हे पत्र पोस्टानं का, असं तुला वाटेल. मेलवरचा माझा विश्वास उडालाय आणि त्याला कारण तू आहेस. (घाबरू नकोस, पुढं वाच.)

तुला ठाऊक आहे, आपल्या प्रेसला लग्नपत्रिकांचे मजकूर मेलवर येतात. गेल्या चार महिन्यांत ते छापायच्या आधीच गावभर व्हायला लागले. बोरगावच्या नागेंद्ररावांनी मुलीचं लग्न भावकीपासून लपवून ठरवलेलं. मंगळवारी मजकूर मेलवर आला आणि बुधवारी सकाळी, ज्यांच्याशी बारा वर्षं बोलणं नाही ते चुलते हार घेऊन दारात उभे. नागेंद्रराव तडक प्रेसवर आले. "मेल काय चावडीवर वाचून दाखवतासा व्हय?" म्हणाले आणि छपाई रद्द करून गेले. असं तीनदा झालं. लोक चिकोडीला जाऊन पत्रिका छापायला लागले.

मग मी बंदोबस्त केला. कॉम्प्युटर भिंतीकडं तोंड करून ठेवला. (त्यामुळं मलाच खुर्ची आणि भिंतीच्या मधे अडकून बसावं लागायचं.) स्क्रीनवर टॉवेल घातला. मजकूर जुळवणाऱ्या आण्णाप्पाच्या खुर्चीवर कॅमेरा लावला. पासवर्ड तेवढा बदलला नाही. नवा विसरलो तर? आणि एके दिवशी, अठरा वर्षं माझ्याकडं असलेल्या त्या माणसाला मी म्हणालो, "तूच फोडतोस रं आण्णाप्पा."

त्यानं किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "मालक, मी कन्नड शाळंत शिकलोय. मराठी मजकूर जुळवताना अक्षरं बघतो. लगीन कुणाचं, ते बघत न्हाय," म्हणाला आणि गेला. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः एक पत्रिका जुळवली, तर वराच्या जागी वराच्या वडिलांचं नाव गेलं. पाचशे प्रती. वराची आई प्रेसवर येऊन काय बोलली, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

दोन आठवड्यांपूर्वी शनिवारी पारमिता बेळगावहून आली. तिनं टॉवेल काढला, मेलमधे कुठंतरी दोन-चार ठिकाणी दाबलं आणि म्हणाली, "आप्पा, तुमचा मेल आणखी एका फोनवर उघडा आहे. हा जुना फोन कुणाकडं?"

आक्का, तो मी तुला नातवंडांचे फोटो बघायला दिलेला. माझा मेल त्यात तसाच राहिला. तू रोज पत्रिका वाचलीस, तुला वाटलं असणार भाऊ आठवणीनं धाडतोय, आणि गुंजीत बसून तू ओळखीतल्या सगळ्यांना फोन करून अभिनंदन केलंस! चोर कोण म्हणून मी निपाणी पालथी घातली आणि चोरी तू मायेनं करत होतीस. हसावं की रडावं कळेना. पारमिता मात्र खुर्चीवरून पडेपर्यंत हसली.

आता पासवर्ड बदललाय. शिवाय मेल उघडताना एक नंबर लागतो आणि तो पारमिताच्या फोनवर येतो. म्हणजे माझंच दुकान उघडायला मी रोज सकाळी लेकीची परवानगी मागतो. आण्णाप्पाच्या घरी जाऊन हात जोडले. तो एका अटीवर परत आला: कॅमेरा आता माझ्या खुर्चीवर आहे.

दाजींना नमस्कार. बाकी क्षेम.

तुझा धाकटा,
भीमरत्न

ता. क. तुझ्यावर राग नाही. पण कुणाला फोन करायच्या आधी मला करत जा.

ता. क. २. खरं काम राहिलंच. पारमितासाठी चिकोडीचं स्थळ आलंय, आणि तिला अजून सांगितलेलं नाही. याच मुलाची पत्रिका जानेवारीत आपल्याकडं आली होती आणि आठ दिवसांत 'छपाई थांबवा' असा लांबलचक मेल आला. दुसऱ्याचं खासगी म्हणून मी पुढं वाचला नाही. आता तो जुना मेल शोधायचा तर पारमितालाच विचारावं लागेल, आणि तिला सगळं कळेल. तू तो नक्कीच वाचला असशील. लग्न का मोडलं, ते सविस्तर कळव.