शमूच्या बाजूचा कोनाडा

६ मार्च, शुक्र.
बाबांना घेऊन राणीसावरगावला आले. परभणीच्या डॉक्टरांनी 'आता घरी न्या' म्हणून सांगितलं. बाबांनी ऐकलं आणि वर मलाच म्हणतात, "बरोबर बोलला डॉक्टर. घरीच जायचंय." कुठलं घर ते डॉक्टरला कळलं नाही, मला कळलं. जन्मभर गवंडीकाम करून दुसऱ्यांची घरं बांधली, आता स्वतःच्या नव्या घरात राहायला निघाल्यासारखा चेहरा. रागच आला. पालमला लग्नसराईचे ब्लाउज शिवायचे पडलेत, मशीनवर चादर टाकून आलेय. ह्यांना फोन केला. म्हणाले, राहा तू, इकडचं मी बघतो.

८ मार्च, रवि.
गंगाखेडहून चर्चचे पाळकसाहेब आले. बाबांना खाटेवरच प्रभुभोजन दिलं. भाकरीचा तुकडा गिळवेना, द्राक्षरसात भिजवून दिला. पाळक बोलले थोडंच. पाप माणसाला मरणाकडं नेतं, पण सार्वकालिक जीवन कमवावं लागत नाही. देव ते देतो, विश्वास ठेवणाऱ्यानं फक्त हात पुढं करायचा. बाबांनी खरंच हात पुढं केला. सगळे आमेन म्हणाले.

मी नाही म्हणाले. शमूच्या वेळी हे देणं कुठं गेलं होतं?

लिहूनच टाकते. शमुवेल माझा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, त्याला मीच वाढवला. दारूच्या नादी लागला, येलदरीच्या धरणावर मासे धरणाऱ्यांबरोबर राहायचा, तिथंच पाण्यात गेला. त्या दिवशी पाळक मिळाले नाहीत. मंडळीतले ज्येष्ठ म्हणून बाबांनीच अंत्यविधी चालवला. 'मातीला माती' म्हणाले. त्याच्या पुढं आमच्यात म्हणतात की, पुन्हा उठण्याच्या आणि सार्वकालिक जीवनाच्या आशेनं हा देह मातीत ठेवतो. ते वाक्य बाबांनी गाळलं. सगळ्यांच्या लक्षात आलं. त्यावर मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

१० मार्च, मंगळ.
विश्वनाथप्पा रोज संध्याकाळी दुकान लेकावर सोडून खाटेशी येऊन बसतात. लिंगायत माणूस, बाबांचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघांचं जुनं भांडण आज पुन्हा.

"यशवंता, आमी आमच्या माणसाला बसवून पुरतो. तुमी आडवं कामून करता?"

"आमचा माणूस झोपलेला असतो, अप्पा. पाय पूर्वेला. हाक आली की उठायचं, तोंड थेट उजेडाकडं."

"मग बसलेलं बरं न्हाई का? उठाया सोपं!"

बाबा हसले, मग खोकत सुटले. मी अप्पांना दटावलं. स्वतःच्या मरणावर असं मजेत बोलतात हे दोघं... मला नाही जमायचं. पण दारात उभी राहून ऐकत होते, भाजी करपली.

१३ मार्च, शुक्र.
आज विचारलं. पाठ पुसता पुसता.

"बाबा, तिथं शमू भेटंल का तुमाला?"

दुपारभर भिंतीकडं तोंड. चहासुद्धा नको म्हणाले. वाटलं, शेवटच्या दिवसांत कशाला हे उकरून काढलं मी.

संध्याकाळी अप्पांना म्हणाले, "उद्या गाडी जुंप. कबरस्तानात जायचंय."

१४ मार्च, शनि.
सकाळी बैलगाडीत गादी टाकून नेलं. दोन्हीकडं ज्वारीची काढणी चालू, बायका हातातलं काम सोडून बघायल्या. बाबा म्हणाले, शमूपाशी उतरवा. अप्पांनी आणि मी धरून खाली बसवलं. बराच वेळ कबरीवरचं वाळलेलं गवत उपटत राहिले. मग बोलले. आठवतं तसं लिहिते.

"देवाचं देणं फुकट हाय, फुकट हाय म्हणून जिंदगीभर सांगत फिरलो, मार्था. अन् माझ्याच लेकराच्या वखताला वजन करून वाटाया बसलो. दारूच तेवढी तोलली." हातातलं गवत बाजूला टाकलं. "बुडणाऱ्याला लांबलचक प्रार्थना जमत न्हाई गं. 'प्रभू' एवढंच निघतं तोंडातून. तेवढं पुरतं. येशूच्या बाजूला वधस्तंभावर टांगलेल्या चोराला पुरलं."

"म्हणजे त्यानं हाक मारली?"

"मला काय ठावं! मी तिथं न्हवतो. ज्याला मारली असंल, तो होता."

अंगावर काटा आला. आत्ता लिहितानाही येतोय. त्या पाण्यावर शमू एकटाच होता असंच मी धरून चालले होते. आणखी कुणी तिथं असेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

मग बाबा ते राहिलेलं वाक्य म्हणायला गेले. दम पुरला नाही. "माझ्या येळेला म्हणतीलच की. तवा तू दोघांसाठी म्हण."

मी हो म्हणाले नाही. जे मलाच पुरतं पटलेलं नाही, ते चारचौघांत मोठ्यानं कसं...

२० मार्च, शुक्र.
बाबा गेले. सकाळी, चहा उकळत होता. त्यांना भीती अशी नव्हतीच. दाराकडं बघून चेहरा इतका उजळला की कोण आलंय म्हणून मी वळून पाहिलं. दारात कुणी दिसलं नाही. कुणी नव्हतं असं मात्र आता मी छातीठोकपणे सांगणार नाही.

२१ मार्च, शनि.
पाळकसाहेबांची वाट बघत घरी थांबलो होतो. तेवढ्यात अप्पांनी आपल्या भाऊबंदांना घेऊन शमूच्या कबरीशेजारी खड्डा खोदून ठेवला. जाऊन बघतो तर खोल, चौकोनी, आणि एका बाजूच्या भिंतीत माणूस बसवण्याएवढा कोनाडा कोरलेला. त्यांच्यात असतो तसा! पाळक बघतच राहिले.

अप्पांनी कपाळावर हात मारला. "हाताची सवय, साहेब. यशवंता गेला म्हणल्यावर डोस्कं चाललंच न्हाई."

मला रडू आणि हसू एकदमच आलं. बाबा असते तर खोकला येईस्तोवर हसले असते.

पूर्व-पश्चिम लांबी वाढवून घेतली. पाळक म्हणाले, तो कोनाडा बुजवा. मी वाकून पाहिलं. कोनाडा शमूच्या बाजूला होता. मध्ये हातभर माती राहिली असेल, जास्त नाही.

"राहू द्या," मी म्हणाले.

पाळकांनी माझ्याकडं पाहिलं, मग शेजारच्या कबरीकडं. बाबांना आडवं ठेवलं, पाय पूर्वेला. एका कुशीला ती उघडी जागा.

'मातीला माती' झालं. पाळक पुढचं वाक्य म्हणू लागले आणि माझं तोंड उघडलं. यशवंत आणि शमुवेल, दोघांची नावं घेऊन अख्खं वाक्य म्हणाले. एवढा मोठा आवाज मी कधी काढला नव्हता. आधी विश्वास आला की आधी वाक्य, सांगता येत नाही.

५ एप्रिल, ईस्टर.
पहाटे मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात. बाबांच्या कबरीची माती बसलीय, पण सारखी नाही. शमूच्या बाजूला खचलीय, आणि त्याची जुनी माती इकडं ओघळलीय. दोघांच्या मध्ये एकच खोलगट जागा झालीय. मेणबत्ती तिथंच लावली, दोघांत मिळून एक. पूर्वेला तांबडं फुटत होतं. दोघांचे पाय तिकडंच. मला भीती वाटली, पण पळून जावंसं वाटेना, तिथंच बसून राहावं अशी ती भीती.

शमू कुठं आहे हे आजही ठाऊक नाही. पण 'झोपलाय' म्हणताना जीभ अडखळत नाही.

अप्पा आले होते. चपला लांब काढून माझ्याशेजारी उभे राहिले. आज थट्टा नाही.

"पोरी, तुमचं ते वाक्य... आमच्यासारख्यासाठी म्हणता येतं का गं? बसलेल्यासाठी?"

बाबांनी काय सांगितलं असतं ते मी शोधत राहिले. अप्पा वाट बघत होते. वारा सुटला होता, म्हणून खाली बसून त्यांनी मेणबत्तीभोवती दोन्ही हात धरले.