मुठीचा डबा

गेर्लिंगेन, जर्मनी
९ डिसेंबर २०१६

प्रिय सत्यजित,

आशीर्वाद शेवटी. आधी मी रागावले आहे, ते ऐक. रविवारपासून धुमसते आहे. तू आणि मीनल कामावर, अन्वी किंडरगार्टनला गेली की रिकाम्या घरात भांड्यांवर राग काढते. मीनलचा एक काचेचा वाडगा फुटला, तिला सांग.

रविवारी आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत तू बोललास. फार छान बोललास, खोटं कशाला सांगू? आकाशातली पाखरं पेरत नाहीत, साठवत नाहीत, तरी स्वर्गातला बाप त्यांना खाऊ घालतो. मागच्या बाकावर बसून मी डोळ्यांना पदर लावला. आणि उपासना संपते न संपते तोच आपल्या नगरहून इथं शिकायला आलेली ती सुकन्या तुझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या घरमालकानं घर विकलं. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात खोली मिळणार ती फेब्रुवारीत. तोवर पोरगी मैत्रिणींकडे दोन-दोन दिवस जमिनीवर झोपते आहे. तिनं मागितलं काय, तर दोन महिने एक कोपरा. तू तिच्या डोक्यावर हात ठेवून चांगली पाच मिनिटं प्रार्थना केलीस. देव पुरवील, म्हणालास. आणि वर म्हणालास, आमच्याकडे खोली नाही, आई आहे ना जानेवारीअखेरपर्यंत.

माझं नाव पुढे केलंस! मला विचारलंस तरी? मी तिला माझ्या शेजारी झोपवलं असतं. उघड्याला ऊब घे आणि उपाशाला पोटभर जेव सांगून वाटेला लावणाऱ्यांना बायबलात याकोबानं काय सुनावलंय, ते तू सहावीत घडाघडा म्हणून दाखवलं होतंस. बक्षीस मिळालं होतं. गाडीत मी बोलले, तर म्हणालास, आई, इथं असं चालत नाही, घरमालकाला विचारावं लागतं. मग विचारलंस का? पाच दिवस झाले.

पण या पाच दिवसांत भांडी घासता घासता एक लक्षात आलं, मूळ चूक माझी आहे. तू सात वर्षांचा असताना पप्पांना कावीळ झाली आणि मिशनच्या शाळेचा पगार पाच महिने थांबला. मंडळीतला मुठीचा डबा आठवतो तुला? भात शिजवताना प्रत्येक घरची बाई एक मूठ तांदूळ बाजूला काढायची आणि रविवारी देवळातल्या डब्यात ओतायची. ते पाच महिने तो डबा आपल्या घरी रिकामा होत होता. तू विचारायचास, तांदूळ कुठून आले? मी सांगायचे, देवानं दिले. खोटं नव्हतं ते, पण अर्धंच होतं. ते लतिकाबाईंनी दिले होते, ज्यांचा नवरा दारू पिऊन पडलेला असायचा. शोभनामावशीनं दिले होते, जिच्या स्वतःच्या घरी रात्री चूल पेटेलच असं नव्हतं. ही नावं मी तुला सांगायला हवी होती. मला लाज वाटली, म्हणून गिळली. आणि तू समजलास, भात आभाळातून पडतो.

अन्वी नाताळच्या नाटकात मेंढरू होणार आहे. तिचे लोकरीचे कान शिवून तिच्या उशीवर ठेवले आहेत. मला ते नाटक बघायचं होतं रे, त्यासाठीच तर आले होते. पण मोहनमामाला फोन करून तिकीट बदलून घेतलं. विमान आज दुपारचं आहे, तू हे वाचशील तेव्हा मी गेलेली असेन. सुकन्या मला विमानतळावर सोडायला येते आहे. खोली झाडली आहे, चादर बदलली आहे, कपाटाचे दोन खण रिकामे केले आहेत. तूच तिला बोलावलंयस, असं मी तिला सांगितलंय. देव मला क्षमा करो. ते खोटं ठरू द्यायचं की नाही, हे तू बघ. संध्याकाळी सात वाजता ती बॅगा घेऊन बेल वाजवेल. माझ्याजवळची किल्ली मी तिला दिलेली नाही, आपल्या दाराच्या टपालपेटीत टाकली आहे. दार तू उघडायचंस.

आशीर्वाद. आणि अजूनही रागावलेली,
तुझीच
आई