किटली ठेवण्यापूर्वी हाक मारावी

ग्रिम्स्बी,
नोव्हेंबर १९८५, रविवार दुपार
(पाऊस. तुमच्या दक्षिणेच्या उबदार टॉर्कीत नसेलच.)

प्रिय ताई,

गाडीत बसताना ‘पोचल्यावर लिहिते’ म्हणालीस आणि खरंच लिहिलंस, म्हणून सगळ्यात आधी तुला नमस्कार. सिरिलरावांनाही सांग. त्यांचा गुडघा कसा आहे? आणि तुझा खोकला? टॉर्कीच्या हवेत खोकला पळून जातो, असं ते लग्नाच्या जेवणात सूप येण्याआधीपासून सांगत होते, तेव्हा एव्हाना पळाला असेलच. (नसेल पळाला तर त्यांना तसं स्पष्ट सांग. नव्या नवऱ्याला सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.) मी ठणठणीत आहे. थोडा उतरलोय, पण ते घरात पुडिंग होत नाही म्हणून. त्यात झुरण्या-बिरण्याचा प्रश्न नाही. मांजरही मजेत आहे. ते शेजारी मिसेस पिंडरकडे राहायला गेलंय. जायचं त्यानं खुशाल जावं, मी कुणाला धरून ठेवलेलं नाही. पण कुंपणावरून उडी मारताना एकदा मागं वळून बघितलं असतं तर त्याचं काय बिघडलं असतं?

आता धंद्याचं. ‘ड्र्युरी अँड सिस्टर, संगणकावरील खेळ’ ही आपली पाटी अजून दारावर आहे. पोस्टमन रोज ती मोठ्यानं वाचतो आणि ‘सिस्टरची काय खबर?’ म्हणून विचारतो. (मी म्हणतो, मजेत आहे. तो म्हणतो, अँड तुम्ही? त्याला हा विनोद फार आवडतो.) पण पाटीचे दिवस भरत आले आहेत. लीड्सचे गारबटसाहेब, म्हणजे आपल्या खेळांच्या कॅसेटी दुकानांत ठेवणारे, त्यांनी फोनवर निक्षून सांगितलं की ‘दीपगृह’ हा नवा खेळ नाताळाच्या बाजारात आला नाही तर यापुढे तुमचा माल नको. तू गेलीस तेव्हा ‘दीपगृह’ अर्धं झालं होतं. आजही ते जेमतेम अर्धंच आहे. हे कसं झालं ते सांगायलाच हे पत्र.

तिथल्या बायकांना तू आपल्या कारखान्याबद्दल सांगत असशील आणि त्या ‘हो का गं’ म्हणून विणकाम पुढं चालू ठेवत असतील. त्यांना नीट सांग. सांग की चर्चच्या सोडतीत तुला तो रबरी बटणांचा डबा, म्हणजे आपला संगणक, लागला, तो तू पत्त्यांच्या मंडळाचे हिशेब ठेवायला माझ्याकडे दिलास, आणि गोदीतली नोकरी गेल्यामुळे रिकामा बसलेल्या तुझ्या भावानं त्यावर खेळ लिहिला. बाबा मासेमारीच्या ट्रॉलरवर स्वयंपाकी होते, म्हणून आपला पहिला खेळ ‘कप्तानाचा चहा’: बोट डोलतेय आणि स्वयंपाक्यानं भरलेला मग न सांडता वर पोचवायचा. अक्कल तुझी, मेहनत माझी. (तू उलटं सांगत असशील.) चित्रं तू चौकटीच्या कागदावर काढलीस. कप्तानाच्या नाकाला एक चौकट दिली की तो लहान पोर वाटे, दोन दिल्या की हत्ती. या नाकावरून आपण एकमेकांशी बोलायचे थांबलो होतो, आठवतं? शेवटी तू त्याला मिशी लावलीस. त्या मिशीमुळे खेळ चालला असं मी आजवर कबूल केलं नव्हतं. आता केलं. पुढं नेऊ नकोस.

आणि किटलीचं सांग, नाहीतर त्यांना काहीच कळायचं नाही. आपल्या घरात विजेची किटली लावली की वरच्या खोलीतला संगणक डोळा मिटतो. मिटतो म्हणजे सगळं विसरतो. सकाळपासून लिहिलेलं साफ पुसून पांढराफटक पडदा दाखवतो, जणू आपली कधी ओळखच नव्हती. म्हणून तू स्वयंपाकघरात प्लगच्या वर पुठ्ठा टांगलास, ‘किटली ठेवण्यापूर्वी हाक मारावी’. तू जिन्याखालून ‘किटलीऽऽ!’ म्हणायचीस. मी वरून ‘थांब!’ म्हणायचो आणि लिहिलेलं टेपवर उतरवायला लावायचो. टेप आपली मांजराची शेपटी दारात सापडल्यासारखी किंचाळत बसायची, तू हात पुसत उभी राहायचीस, आणि ती गप्प झाली की मी म्हणायचो, ‘ठेव!’ मग चहा. बाहेरच्या कुणाला हे वेडेपण वाटेल, पण ड्र्युरी अँड सिस्टरचा अख्खा माल या तीन शब्दांवर तयार झालाय.

तू गेल्यावर मी पहिल्या आठवड्यात चहा विसरून, संगणक एकदाही बंद न करता झपाटून काम केलं. दीपगृहाचा गोल जिना पुरा केला, दिवा फिरवला, समुद्राला लाटा दिल्या. इतका खूश झालो की म्हटलं, आता मस्त चहा घेऊ. खाली आलो, किटली लावली. पाणी खळखळायला लागलं तेव्हा पुठ्ठा दिसला. ताई, मी काय केलं असेन? तिथंच उभं राहून जिन्याच्या दिशेनं ‘किटली!’ म्हणालो. हळूच. वर कुणी नव्हतं, कारण मी खाली होतो. वर जाऊन बघतो तर जिना नाही, दिवा नाही, समुद्र नाही. तू गेल्यापासून मी एकदाही टेप लावलीच नव्हती. लावणार कसा? हाकच आली नव्हती.

पण ड्र्युरी मंडळी अशी हार मानत नाहीत. मी शिस्त घालून घेतली. चहाची वेळ झाली की खाली यायचं, तुझ्या सुरात ‘किटलीऽऽ!’ ओरडायचं, धावत वर जाऊन ‘थांब!’ म्हणायचं, टेप लावायची, ती गप्प झाली की ‘ठेव!’ ओरडायचं आणि धावत खाली येऊन ठेवायची. व्यायामही होतो. तुझा सूर हुबेहूब जमायला वेळ लागला, तू ‘ली’ जरा जास्त ओढतेस. इतका जमला की एकदा माझं मलाच बरं वाटलं. चूक एवढीच झाली की भिंतीपलीकडे मिसेस पिंडर आहेत.

त्यांनी आधी माझ्या मांजराला सांगितलं असेल, मग साऱ्या गल्लीला. एक मत असं की मी घरात बाई आणून ठेवली आहे आणि तिला चहासुद्धा सुखानं करू देत नाही. दुसरं मत असं की बाई वगैरे कुणी नाही, बिचाऱ्या नेव्हिलचंच डोकं फिरलं आहे. (पहिल्या मतानं माझी छाती जरा फुगली. ते दोनच दिवस टिकलं.) मग गुरुवारी पाद्री टॉमलिन आले. दारातच टोपी हातात घेऊन, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात त्या आवाजात म्हणाले, “नेव्हिल, आवाज ऐकू येतात का?” मी म्हटलं, “येतात ना, माझेच आहेत.” हे उत्तर चुकलं. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “तू अजिबात उठू नकोस. मी चहा करतो.”

मी ओरडलो. “थांबा! नका ठेवू!” पण आवाज ऐकणारा माणूस किटलीला घाबरून किंचाळतोय म्हटल्यावर शहाणा पाद्री काय करणार? त्यांनी प्रेमानं बटण दाबलं. वर सकाळपासूनचं दीपगृह दुसऱ्यांदा समुद्रात गेलं. चहा बाकी बरा होता. मला रडू आलं ते त्यांनी आत्म्याच्या खाती धरलं, मीही त्यांना अडवलं नाही. या घरात किती दिवसांनी कुणीतरी दुसऱ्यानं केलेला चहा पीत होतो, ताई.

आणि वर गारबटसाहेब! त्यांना अर्धाकच्चा नमुना पाठवला होता, तर फोनवर म्हणतात, “ड्र्युरी, तुमचा तो राखणदार नुसता जिना चढतो आणि उतरतो. खाली माणूस का नाही हो कुणी?” मी म्हटलं, साहेब, चित्रं काढणारं माणूस टॉर्कीला असतं. ते म्हणाले, “मग तुम्ही काढा की! रडता काय?” अशी बोलायची पद्धत. तेव्हा सगळी स्थिती तुझ्यासमोर आहे. लग्न केलंस याबद्दल माझी तक्रार नाही. एक्कावन्नाव्या वर्षी माणसानं सुखी व्हायचं ठरवलं तर भावानं टाळ्याच वाजवाव्यात, आणि मी चर्चमध्ये सगळ्यात मोठ्यानं वाजवल्या, सिरिलराव दचकले होते. फक्त घर फार मोठं झालंय. काल मी जेवताना रेडिओला मीठ विचारलं. सिरिलराव कॉफी पितात असं ऐकलं, म्हणजे तुझ्या हाकेला तिकडं काही काम नसणार, आणि इकडं तिच्यावाचून एक अख्खा कारखाना अडला आहे.

खोकल्याला जप. गळ्याला मफलर बांध, हवा कितीही टॉर्कीची असली तरी.

तुझा,
नेव्हिल
(ड्र्युरी अँड)

ता. क. तुझा चौकटीचा कागद आणि आखूड पेन्सिल ड्रॉवरमध्ये तशीच आहेत. मी हात लावलेला नाही. म्हणजे लावला, पण परत ठेवली.

ता. क. २. मुद्द्याचं राहिलंच. रोज चार वाजता मला फोन करशील का? आपला फोन जिन्याखालीच आहे, तेव्हा आवाज बरोबर जागेवरून येईल. जास्त काही बोलायला नको. ‘किटली!’ म्हण. मी ‘थांब’ म्हणेन, वर जाऊन टेप लावेन. ती किंचाळतेय तोवर खाली येऊन फोनपाशी उभा राहीन, आणि त्या वेळात तुला दुसरं काही सांगायचं असेल, गुडघ्याचं, हवेचं, काहीही, तर सांगून घे. निव्वळ धंद्याची गरज म्हणून विचारतोय.

ता. क. ३. पत्र पाकिटात घालून दोन आठवडे तसंच ठेवलं होतं, आज परत काढलं. पाद्री टॉमलिन तरुणपणी नौदलात वायरलेसवर होते. हे लिहिलं त्याच आठवड्यात मंगळवारी ते पेचकस घेऊन आले आणि प्लगमागची एक सैल तार अर्धं भजन गुणगुणेपर्यंत आवळून गेले. आता किटली कितीही लाव, संगणक पापणी हलवत नाही. आपण इतकी वर्षं एका सैल तारेपायी ओरडत होतो. ‘दीपगृह’ परवा पुरं झालं, लीड्सला पोचलं, गारबटसाहेब ‘चालेल’ म्हणाले, पाटी राहतेय. तळमजल्यावर आता एक बाई उभी आहे. मीच काढली, नाक मोठं झालं, रागावू नकोस. पुठ्ठा मी उतरवलेला नाही.

तरी फोन कर. आणि हे बघ, तू ‘किटली’ म्हणालीस की थोड्या वेळानं मी सवयीनं ‘ठेव!’ म्हणेन. ते किटलीला म्हणतोय. तू फोन ठेवू नकोस.