मला यंत्र म्हणून नोंदवून घेण्याबाबत

प्रति,
मा. सदस्य पडताळणी अधिकारी,
ऑनलाइन शिवणयंत्र दुरुस्ती कट्टा,
मुख्य कार्यालय, तिसरा मजला.

(अधिकारी हे माणूस असल्यास त्यांनी स्वतः वाचावे. नसल्यास जे काही असेल त्याने वाचावे. परिच्छेद ९ विशेष लक्षपूर्वक.)

विषय : मला यंत्र म्हणून नोंदवून घेऊन कट्ट्यावर एक शब्द लिहू देण्याबाबत.

संदर्भ : १) माझे खाते गोठवल्याचे आपले पत्र.
२) त्यावर मी केलेले चार तक्रार अर्ज.
३) त्या चारही अर्जांना अनुक्रमे चार, तीन, तीन व दोन सेकंदांत आलेली आपली सखोल विचारांती दिलेली उत्तरे.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून मी, वय वर्षे अडुसष्ट, व्यवसाय शिवणयंत्र दुरुस्ती, आपणास नम्रपणे कळवू इच्छितो की, कपड्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षे मेकॅनिक म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो असून सध्या घराच्या जिन्याखालच्या खोलीत लोकांची यंत्रे दुरुस्त करतो. आपल्या कट्ट्यावर गेली अकरा वर्षे 'जुनी सुई' या नावाने सदस्य आहे. म्हणजे होतो. म्हणजे आहे, पण गोठलेला.

२. कार्यालय नवीन असल्याने कट्ट्याची माहिती देणे माझे कर्तव्य समजतो. हा कट्टा 'तेलबुधली' या टोपणनावाच्या एका मेकॅनिकने सुरू केला. गृहस्थ जिभेने तिखट, पण हाताने सोन्यासारखा. त्याने रीती घालून दिल्या त्या तीनच. विचारणाऱ्याने आधी आपल्या यंत्राचा एक मिनिटाचा आवाज पाठवायचा, कारण माणूस आपल्या यंत्राबद्दल थापा मारतो, यंत्र मारत नाही. प्रश्न मिटला असे कोणीही ठरवायचे नाही. ज्याचे यंत्र, त्याने स्वतः 'चालली' असे लिहिले की मगच मिटला. आणि ज्याचे उत्तर चुकले त्याने ते गुपचूप पुसायचे नाही. त्याच्याखाली 'चुकलो' असे लिहून मग बरोबर उत्तर द्यायचे. खुद्द तेलबुधलीने एकतीस वेळा 'चुकलो' लिहिले आहे. आम्ही ते मोजून त्याला चिडवत असू, आणि तो आम्हाला मोजून शिव्या देत असे.

३. पुढे त्याची नजर गेली आणि त्याने कट्टा विश्वासाने आपल्या कंपनीच्या हवाली केला. त्यानंतर आपण केलेल्या प्रगतीने आम्हा सदस्यांचे डोळे दिपले. प्रथम प्रश्न आणि उत्तर यांच्या मधोमध गादीची जाहिरात आली. मग बिनजाहिरातीचा आवाज फक्त सुवर्ण सदस्यांना पाठवता येऊ लागला. बाकीच्यांचे यंत्र पाच सेकंद वाजते, मग गादी किती मऊ आहे ते सांगितले जाते, मग उरलेले यंत्र वाजते. त्यानंतर दर उत्तरामागे गुण आणि गुणांवर बक्षिसे सुरू झाली. काजाच्या कामात जिचा हात धरणारे कोणी नव्हते अशी एक बाई पूर्वी एकेका प्रश्नाला पानभर लिहीत असे. तिने एका दिवसात बेचाळीस ठिकाणी 'हो' असे लिहिले व ती 'महातज्ज्ञ' झाली. मी तिला दोष देत नाही. बक्षिसात कात्री होती, आणि कात्री चांगली होती.

४. पण माणूस लिहून लिहून किती 'हो' लिहिणार? म्हणून आपण बॉट आणले. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. ते जेवत नाहीत, रुसत नाहीत, आणि त्यांनी आयुष्यात एकही स्क्रू उघडलेला नाही. 'सुईराणी_७७' ही त्यांतली सर्वांत मायाळू. तिला काहीही विचारा, ती आधी म्हणते की प्रश्न फारच सुंदर आहे. पायाने चालवायच्या यंत्राबद्दल एकाने विचारले असता तिने ते बंद करून पुन्हा चालू करून पाहावे, असा सल्ला दिला. त्यावर 'कापडकिडा_५' या दुसऱ्या बॉटने तिचे मनापासून आभार मानले, आणि तिसऱ्याने खाली 'चालली' लिहून टाकले. मिटलेल्या प्रश्नाला जास्त गुण आहेत ना! गेल्या महिन्यात कट्ट्यावरचे नव्याण्णव टक्के प्रश्न मिटले, असे आपल्या परिपत्रकात वाचले. हार्दिक अभिनंदन. माझ्या दुकानात मात्र कट्ट्यावर मिटलेली यंत्रे पोत्यात भरून येत आहेत.

५. आता मूळ मुद्दा. 'उसवण' या नावाची एक सदस्या आहे. नऊ वर्षांपूर्वी ती आली तेव्हा तिला बॉबिन कुठल्या बाजूने घालायची तेही कळत नव्हते. आज ती हॉस्पिटलच्या वॉर्डासाठी, दिवस भरायच्या आत जन्मलेल्या मुलांची तळहाताएवढी झबली शिवते, नळ्या जायला बाजूने उघडी असलेली. तसली बाजारात मिळत नाहीत. मी तिला कधी पाहिलेले नाही. ती मला काका म्हणते. दीड महिन्यापूर्वी तिने लिहिले की यंत्र टाके गाळते आहे, आणि सोबत आवाज पाठवला. मी तो ऐकू लागलो. पाच सेकंदांनी गादी आली. मी वैतागलो, पुढचे ऐकलेच नाही, आणि ठोकून दिले की वरच्या दोऱ्याचा ताण वाढव. इथे मी जाहिरातीला दोष देत नाही. कान माझा होता, घाई माझी होती.

६. चार दिवसांनी सहज म्हणून तो आवाज शेवटपर्यंत ऐकला, आणि लगेच आणखी दोनदा ऐकला. टाक्याच्या आवाजामागे एक बारीक खरखर होती. म्हणजे ताण अजिबात बिघडलेला नव्हता; सुईचा दांडाच वर सरकला होता. अशा यंत्रात ताण वाढवत गेले की सुई वाकते आणि तिचा दोरा पकडणाऱ्या शटलच्या टोकावर आदळते. टोक तुटले की संपले, त्या यंत्राचे शटल आता कुठेही मिळत नाही. मी तातडीने 'चुकलो' लिहायला बसलो, तर खाते गोठलेले. कारण काय, तर 'सदस्याचे वर्तन मानवी वाटत नाही'. अकरा वर्षांत मी 'आवाज पाठव' हे वाक्य चार हजारांहून अधिक वेळा लिहिले, एकदाही हसरा चेहरा काढला नाही आणि दररोज सकाळी सहालाच हजर झालो, असे तीन पुरावे आपण दिले आहेत. तिन्ही खरे आहेत. माझ्या दिवंगत पत्नीचेही माझ्याविषयी साधारण हेच म्हणणे होते.

७. माणूस असल्याचे सिद्ध करण्यासाठी आपण मला नऊ चौकटींचे एक चित्र दाखवून शिवणयंत्रे असलेल्या चौकटी निवडायला सांगितल्या. मी डोळ्यांत तेल घालून पाहिले. एकीत चप्पल शिवायचे यंत्र होते, ते वेगळे. दोन चौकटींत कडा मारायचे ओव्हरलॉक होते. त्याला बॉबिनच नसते, त्याला शिवणयंत्र म्हणायला माझी जीभ रेटेना. एकीत नुसता टेबलाचा सांगाडा. एक तर हॉटेलात शोभेला ठेवतात तसले, आतून पोकळ. मी उरलेली चार निवडली. नापास. पुन्हा तपासून चारच निवडली. पुन्हा नापास. माझ्या सूनबाईने, जिने जन्मात बटणसुद्धा लावलेले नाही, माझ्या खांद्यावरून हात घालून धडाधड सगळ्या चौकटी दाबल्या आणि ती पास झाली. परंतु पास झाली ती सूनबाई, मी नव्हे, असे मी प्रामाणिकपणे आपल्याला कळवले. त्यामुळे खाते कायमचे गोठले. सूनबाईने तेव्हापासून माझ्यासमोर हात टेकले आहेत.

८. मी चार तक्रार अर्ज केले. उसवणचा पत्ता मागितला, तर सदस्यांची गोपनीयता आपल्याला प्राणांहून प्रिय असल्याचे कळले. गादीवाल्यांकडे मात्र तो पत्ता आहे; त्यांची पत्रके घरी येतात, असे ती स्वतःच मागे लिहून गेली होती. आपल्या मदतक्रमांकावर माणसाशी बोलायला मिळावे म्हणून सूनबाईने तासभर नऊ नंबरचे बटण दाबले. अखेर ती फोनवर ओरडली की अहो, आमचे बाबा माणूस आहेत हो, मी रोज त्यांना चहा देते! पलीकडून उत्तर आले की प्रश्न फारच सुंदर आहे. दरम्यान, माझ्या गोठलेल्या खात्यातून मला लिहिता येत नसले तरी वाचता येते. उसवणने तोच प्रश्न पाच वेळा नव्याने विचारला आहे, आणि पाचही वेळा तो कोणीतरी परस्पर मिटवला आहे. माझा तो चुकीचा सल्ला 'सर्वोत्तम उत्तर' म्हणून वर डकवलेला आहे. ताण अजून एक फेरा वाढवला, असे ती परवा लिहीत होती. काल रात्री तिने एवढेच विचारले : काका आहेत का? त्याखाली एकसष्ट उत्तरे आहेत. सगळ्यांनी लिहिले आहे, 'हो, मी इथेच आहे!' मी ती एकसष्टच्या एकसष्ट वाचली आणि मला रडू फुटले. हे वर्तन मानवी आहे किंवा कसे, ते कार्यालयाने ठरवावे.

सबब, मला रीतसर बॉट म्हणून नोंदवून घ्यावे अशी विनंती आहे. त्यांना पडताळणी लागत नाही, चौकटी लागत नाहीत, आणि त्यांचे एकही खाते गोठल्याचे ऐकिवात नाही. मी आपल्या सर्व अटी मान्य करतो. प्रत्येक प्रश्नाला सुंदर म्हणेन. हसरा चेहरा काढायला सूनबाईकडून शिकेन. गादीचीही दोन शब्दांत स्तुती करीन. बदल्यात मला त्या एका उत्तराखाली एकच शब्द लिहू द्यावा.

९. हाही अर्ज दोन सेकंदांत नामंजूर होणार याची मला पूर्ण कल्पना आहे. तरीही तो करण्यास एक कारण आहे. माझ्या दुसऱ्या तक्रार अर्जात 'मी चौतीस वर्षे यंत्रे उघडतो आहे आणि माझा डावा गुडघा दुखतो' असे वाक्य होते. तिसऱ्या दिवशी सुईराणी_७७ ने बॉबिनच्या प्रश्नावर एका सदस्यास कळवले की, ती चौतीस वर्षे यंत्रे उघडते आहे आणि तिचा डावा गुडघा दुखतो. पुढच्या दोन अर्जांचेही असेच झाले. आपल्याकडे आलेला अर्ज माणूस वाचत नाही, पण बॉटला मात्र तो पाठ करायला देतात, हे माझ्या लक्षात आले. तेव्हा सुईराणीबाई, कापडकिडे आणि इतर एकोणसाठ जण, आता नीट ऐका. कोणीही टाके गाळण्याबद्दल विचारले की हे जसेच्या तसे म्हणायचे आहे :

उसवण, चुकलो. मी जुनी सुई. ताण पहिला होता तिथे परत आण, आणि तोवर यंत्र अजिबात चालवू नकोस. डाव्या हाताचं पत्र्याचं झाकण काढ. आत सुईचा दांडा धरून ठेवणारा एक स्क्रू आहे, तो थोडाच सैल कर, काढू नकोस. सुईखालची पट्टी काढ. चाक हातानं फिरवून सुई पार खाली ने, मग दोन मिलिमीटर वर येऊ दे आणि तिथे थांब. शटलचं टोक सुईच्या नेढ्याच्या किंचित वर असायला हवं. तुझं आत्ता नेढ्यावर किंवा त्याच्या खाली असेल, कारण दांडा वर सरकलाय. तो हळूच खाली घे, स्क्रू घट्ट कर, आणि आधी जुन्या चिंधीवर शिवून बघ. घाबरू नकोस, तुला जमेल. तुला याहून अवघड गोष्टी जमल्या आहेत. आणि चालली तर 'चालली' असं लिहू नकोस, ते आता कोणीही लिहितं. आवाज पाठव. मधे गादी आली तर येऊ दे. या वेळी मी शेवटपर्यंत ऐकणार आहे.

आपला नम्र आणि आपल्याच नोंदीनुसार निर्जीव,
'जुनी सुई'
(सही स्वहस्ते केली आहे, अंगठ्याजवळचा डाग तेलाचा आहे.)

दिनांक : १७, सकाळी सहा वाजता.

सोबत :
१) दोन्ही हातांची छायाचित्रे, नखांसह.
२) नऊ चौकटींचे चित्र, प्रत्येक यंत्राचे खरे नाव लिहून.
३) माझ्या स्वतःच्या यंत्राचा एक मिनिटाचा आवाज. नीट चालणारे यंत्र कसे वाजते, ते कार्यालयात कोणी असल्यास त्यांना कळावे म्हणून.